शैलाताईंचं मत

शैला वानखडेंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या हातात मोबाइल होता आणि उजव्या हातात नुकताच हवेतून आलेला बेसबॉल. टेक्सासमधल्या शुगर लँड गावात आमच्या घरामागच्या पार्कात शनिवारचे सामने चालायचे. कोणा पोराने मारलेला चेंडू भलतीकडे उडाला आणि बाकांच्या रांगेवर आला. आम्ही सगळे डोकी धरून खाली वाकलो. कमरेला ओढणी बांधलेल्या एका बाईंनी नुसता हात वर केला. फट्कन आवाज झाला. "नाही आई, काही नाही, बॉल आला होता," असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि बोलता बोलताच तो चेंडू मैदानात परत फेकला. तो टप्पा न पडता थेट पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराच्या, ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. बेसबॉलचा चेंडू दगडासारखा असतो, आणि बाईंच्या हातात ग्लोव्ह नव्हता.

मी जाऊन विचारलं, "तुम्ही मराठी का?"

"अमरावतीची," त्या तळहात चोळत म्हणाल्या. "लागलं बाप्पा जरासं. पण फोन ठेवला असता तर आई रागावली असती."

अमरावतीत त्या सॉफ्टबॉल खेळल्या होत्या. आधी विद्यापीठाकडून, मग राज्याकडून. विदर्भातल्या मुली मोठ्या संख्येने सॉफ्टबॉल खेळतात, हे मला पुणेकराला टेक्सासमध्ये कळलं. त्यांचे यजमान प्रकाशराव तेलाच्या पाइपलाइनीचे इंजिनिअर. शैलाताई डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. तीन बेडरूमचं घर दिवसाला किती वेळा झाडणार? त्यांचा मुलगा ओंकार आणि माझा आदित्य एकाच वर्गात होते. पुढच्या सीझनला लीगला कोच कमी पडले, तेव्हा शैलाताईंनी जाऊन नाव दिलं. बाकीचे सगळे कोच म्हणजे खेळणाऱ्या मुलांचे वडील. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "टीमच्या खाण्यापिण्याचं बघणार का?" शैलाताई म्हणाल्या, "नो. टीम."

दुसरा कोणी मोठा माणूस सोबत लागतो, असा नियम होता. त्यांनी मला धरलं. "तुम्ही फक्त उभे राहा, भाऊ. बाकीचं मी पाहते." आदित्यचं आणि चेंडूचं कधीच फारसं पटलं नाही आणि मला तर खेळाचे नियमही माहीत नव्हते. पण त्यामुळे दोन सीझन मी शैलाताईंच्या शेजारी उभा राहिलो, आणि जे सांगतोय ते बाकावरून नाही, आतून पाहिलेलं आहे.

त्यांचं कोचिंग इतरांसारखं नव्हतं. बाकीचे कोच ओरडायचे. त्या बॅट घेऊन एकेका पोराला जमिनीलगत चेंडू मारत राहायच्या, कुणाला उजवीकडे, कुणाला पोटाकडे, हवा तिथे, हवा तेवढा जोरात. पोरं त्यांना कोच शायला म्हणायची. ओंकारनेही मैदानात कोचच म्हणायचं. गाडी पार्कच्या फाटकाबाहेर पडली की त्या आई व्हायच्या, आणि मग गाडीत खेळाबद्दल एक शब्द बोलायची दोघांनाही बंदी. "दिवसभर कोच घरात कोणाले पाहिजे?" त्या म्हणायच्या.

प्रत्येक पोर चेंडू सुटला की आधी कुंपणाबाहेरच्या बापाकडे बघायचं, हे शैलाताईंच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. एका सामन्यात ब्रँडन नावाच्या पोराचा बाप कुंपणाला लटकून सतत सूचना देत होता. पोर बिचारं चेंडूकडे, बापाकडे, पुन्हा चेंडूकडे असं मान फिरवत होतं. शैलाताईंनी पंचाकडून वेळ मागून घेतला, सावकाश चालत कुंपणापाशी गेल्या आणि त्या सहा फुटी माणसाला म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज फार छान आहे. त्याला वाटतं तो तुमच्यासाठी खेळतोय. जरा पलीकडे झाडाखाली बसता का?" मला वाटलं, आता भांडण होणार. तो लालबुंद झाला. पण गेला. ब्रँडनने त्या दिवशी काही मोठा पराक्रम केला नाही. फक्त मान फिरवायचा थांबला. पुढच्या शनिवारी बाप आपणहून झाडाखालची खुर्ची घेऊन आला.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी, २००४च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, ऑल-स्टारची गोष्ट घडली.

सीझन संपत आला की लीगच्या सगळ्या संघांमधून बारा उत्तम मुलं निवडायची आणि त्यांचा एक संघ दुसऱ्या गावांशी खेळायला पाठवायचा. त्या वयाच्या पोरांसाठी याहून मोठं जगात काही नसतं. नावाची वेगळी जर्सी मिळते, वर्गात ती घालून जाता येते. निवड करायची सहा संघांच्या सहा कोचनी, मतं देऊन. जमायचं ते कोच डॅनियल्सच्या गॅरेजमध्ये. डॅनियल्स हा लीगचा जुना माणूस, धिप्पाड, दिलखुलास, मैदानावरचं गवत स्वतःच्या यंत्राने कापणारा. वाईट माणूस नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मीही शैलाताईंबरोबर गेलो. घडीच्या खुर्च्या, मधे पिझ्झाचे खोके. डॅनियल्स म्हणाला, "चला, आधी आपली आपली मुलं घालून टाकू."

आणि एकेकाने आपल्या मुलाचं नाव सांगितलं. मत नाही, चर्चा नाही. अर्धा संघ तिथेच भरला. शैलाताईंची पाळी आली तेव्हा डॅनियल्सनेच सांगितलं, "आणि ओंकार. छान पोरगा आहे."

"एक मिनिट," शैलाताई म्हणाल्या. "ही मुलं कोणी निवडली?"

कोणाला प्रश्नच समजला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "सगळ्या मुलांना मैदानात बोलवा. बाहेरचा माणूस आणा, ज्याचं पोर यात नाही. त्याला ठरवू द्या."

एक कोच होता, बारीक, चष्मेवाला, कुठल्याशा बँकेत काम करणारा. तो चिडून नाही, थकून बोलला. "शायला, मी वर्षभर टाय सोडत सोडत ऑफिसातून इथे पळत येतो. बायको म्हणते तू आता पार्कातच राहा. याच्या बदल्यात मला कोणी काही देत नाही. माझ्या मुलाला एक जर्सी मिळाली तर काय बिघडलं?"

यात खोटं काही नव्हतं, आणि शैलाताईंनाही ते पटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या म्हणाल्या, "आपण पळत येतो ते आपल्या मुलांसाठीच. पण ज्यांचे आईबाप येऊ शकत नाहीत, त्यांच्या मुलांनी काय करायचं?" मग त्यांनी मिन्हचं नाव काढलं. मिन्ह हा बँकवाल्याच्याच संघातला व्हिएतनामी मुलगा. वडील नाहीत. आई नखं रंगवण्याच्या दुकानात कामाला, शनिवारी तिथेच सगळ्यात गर्दी. लीगमधला सगळ्यात जोरदार हात त्याचा, हे त्या गॅरेजमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मिन्हचा विचार करू की," डॅनियल्स म्हणाला. "अजून जागा आहेत."

पण त्या जागांवरही लगेच देवाणघेवाण सुरू झाली. तुझ्या असिस्टंटचा मुलगा मी घेतो, माझ्या असिस्टंटचा तू घे. एकाने माझ्याकडे पाहून आदित्यचंसुद्धा नाव घेतलं. मी कोकचा घोट घेत होतो, तो नाकातून आला. बघता बघता यादी भरली आणि मिन्ह बाहेर राहिला. मतं टाकली गेली. पाच एका बाजूला, एक दुसऱ्या. डॅनियल्सने खोक्याचं झाकण लावलं. "सॉरी, शायला. पुढच्या वर्षी बघू."

गॅरेजमध्ये प्रचंड उकडत होतं. शैलाताई उभ्या राहिल्या. "मग ओंकारचं नाव काढा. तिथं मिन्हचं घाला. ती जागा तर माझी आहे ना? तुम्हीच दिली."

डॅनियल्सने हळूच विचारलं, "नक्की? तुझा मुलगा चांगला खेळतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.

गाडीपाशी मी विचारलं, "ताई, ओंकारला विचारलंत?"

"नाही."

"तुमच्यावर कधी अन्याय झाला होता का? खेळात?"

त्या हसल्या. आनंदाचं हसू नव्हतं ते. "माझ्यावर? काहून? मले तर प्रत्येक वेळी घेतलं. माझे मामा सिलेक्टर होते."

"पण तुम्ही खेळत तर चांगल्या होतात ना?"

"खेळत होते. दिवसरात्र खेळत होते. पण बसमध्ये पोरी म्हणायच्या, मामाची भाची. मी हॉटेलात रडायची. आणि भाऊ, खरं सांगू? आजही मले माहीत नाही मी राज्याकडून खेळली ते माझ्या हातानं का मामाच्या. मामा वारले. आता कोणाले विचारू?"

मला तेव्हा वाटलं, संपलं, एवढंच आहे हे. बाईंनी स्वतःची गोष्ट दुरुस्त करून टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत ओंकारला इतर पोरांकडून कळलं. संध्याकाळी मी आदित्यकडे राहिलेलं टीमचं हेल्मेट परत करायला त्यांच्याकडे गेलो होतो. दार प्रकाशरावांनी उघडलं आणि ते बाजूला झाले. आत ओंकार ओट्यापाशी उभा होता, दप्तर अजून पाठीवरच. शैलाताई पोळ्या लाटत होत्या.

"इतरांनी त्यांची मुलं घेतली, कारण ती त्यांची मुलं होती," तो इंग्रजीत म्हणाला. ओरडत नव्हता, म्हणून जास्त ऐकू येत होतं. "यू ड्रॉप्ड मी, बिकॉज आय ॲम युअर किड. सेम थिंग, आई. इट्स द सेम थिंग."

लाटणं थांबलं.

"मी चांगला नव्हतो का?"

"होता ना रे."

"मग तू मला विचारायला पाहिजे होतं." हे मात्र तो मराठीत म्हणाला. आणि वर निघून गेला.

शैलाताई लाटलेल्या पोळीकडे बघत राहिल्या. ती तव्यावर टाकायचं त्यांना सुचलं नाही. प्रकाशरावांनी येऊन गॅस बंद केला. ते गृहस्थ फार कमी बोलायचे. तेवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

"कळलं मले," त्या म्हणाल्या.

त्या कधी गप्प बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात पाहिलं. प्रॅक्टिसला आल्या, चेंडू मारले, पण आवाज नाही. ओंकार मैदानात त्यांना कोचही म्हणेना आणि काहीच म्हणेना. मग एका संध्याकाळी त्यांनी ओंकारला गाडीत घातलं आणि डॅनियल्सच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. हे मला नंतर डॅनियल्सनेच सांगितलं. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी याला न विचारता काढलं. ती जागा याला परत देऊ नका, मिन्हलाही नका. मैदानात ठेवा. ज्याला यायचं तो येईल. मी मैदानात पाय ठेवणार नाही."

डॅनियल्सने ओंकारकडे पाहिलं. "तुला चालेल?"

ओंकारने मान हलवली.

डॅनियल्सला एव्हाना यादीत नसलेल्या मुलांच्या बऱ्याच आयांचे फोन आले होते. तो म्हणाला, ठीक, ही एक जागा. निवड करायला त्याने हायस्कूलचे एक निवृत्त कोच बोलावले, म्हातारे, कोणालाही न ओळखणारे.

आता एक काम राहिलं होतं आणि ते सगळ्यात वाईट होतं. मिन्हला जागा मिळाल्याचं त्याच्या घरी कळलेलं होतं. शैलाताई नखांच्या दुकानात गेल्या, मी बाहेर गाडीत बसलो. काचेतून दिसत होतं. मिन्हची आई मास्क लावून कोणा बाईचा हात धरून बसलेली, शैलाताई शेजारी उभ्या, दोन्ही हात जोडल्यासारखे. मिन्हच्या आईने मास्क खाली केला, काहीतरी बोलली, पुन्हा वर केला. शैलाताई बाहेर आल्या तेव्हा घामाने भिजल्या होत्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, दिलेलं परत घेता, तुमच्यात असं करतात का? मी म्हटलं, नाही करत. मग म्हणाली, तो खेळेल." त्यांनी गाडी सुरू केली. "मी चांगलं करायले गेली, भाऊ, आणि दोन्ही पोरांच्या मधे जाऊन उभी राहिली."

त्या रविवारी सकाळीच डांबर तापलं होतं. एका जागेसाठी वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त मुलं आली. जी वर्षभर शेवटच्या नंबरला खेळली तीही आली. कुंपणाला आईबापांची गर्दी. म्हातारे कोच टोपी खाली ओढून खुर्चीत बसले होते, आणि पोरांच्या पाठीवर नावाऐवजी चिकटपट्टीचे आकडे. शैलाताई मैदानाच्या पार पलीकडे, झोपाळ्यांपाशी, मैदानाकडे पाठ करून बसल्या होत्या. चेंडूचा आवाज आला की त्यांची मान हलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. मला त्या पाठीकडे बघवेना.

मिन्ह आला, त्याची आईही आली, दुकानातला एप्रन तसाच. त्याने फेकलेला चेंडू ग्लोव्हमध्ये पडला की कुंपणापाशी कुजबुज व्हायची. ओंकारने बॅटिंग सुरेख केली. इतकी की माझ्या शेजारी उभे असलेले प्रकाशराव कुंपणाची जाळी मुठीत धरून चवड्यांवर उभे राहिले. मग जमिनीवरून चेंडू आले. पहिला त्याने उचलला, घाईने फेकला, तो पहिल्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून गेला. दुसरा हातातून निसटला. तिसऱ्याला तो इतका सावध झाला की चेंडू पोचायला उशीर झाला. त्यानंतरचे सगळे त्याने नीट अडवले. पण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्याला कळलंय.

म्हाताऱ्यांनी एक आकडा सांगितला. मिन्हचा होता. त्याच्या आईने एप्रनला हात पुसले, जणू आताच कोणीतरी तिच्या हाती काही देणार आहे.

ओंकार मात्र निघून गेला नाही. तो म्हाताऱ्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि काहीतरी विचारलं. ते टोपी वर करून त्याच्याशी बराच वेळ बोलले, हाताने फेकून दाखवलं. मी झोपाळ्यांकडे धावलो. शैलाताईंनी मागे न वळता हात वर केला. "तुम्ही नका सांगू. त्याले सांगू द्या."

ओंकार आला. समोर उभा राहिला. "मिन्ह गॉट इट."

"आणि तू?"

"थर्ड. आय रश्ड द थ्रो." मग जरा थांबून, "तू पाहिलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही रे बाबा."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. रडेल असं वाटलं, पण रडला नाही. "मी अजून रागावलेलोच आहे," तो म्हणाला.

"राहा ना," शैलाताई म्हणाल्या. "राग यायलेच पाहिजे." आणि दोघं गाडीकडे चालत गेले. बरोबर नाही, मागेपुढे.

तो ऑल-स्टार संघ पुढे काही जिंकला वगैरे नाही. दुसऱ्याच सामन्यात हरून परत आला. आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला मात्र या विषयावर चर्चा रंगली. बाईंनी पोराचं नुकसान केलं, उगाच गोऱ्यांशी वाकडं घेतलं, स्वतःचं तत्त्व पोराच्या जिवावर. एका काकूंनी तर त्यांच्या तोंडावर म्हटलं. शैलाताई हातातलं मोदकाचं ताट पुढे करत म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. अर्धं तरी." मलाही आजवर ठरवता आलेलं नाही की कोणतं अर्धं.

पुढल्या वर्षी ओंकारने बेसबॉल सोडला आणि धावायला लागला. शैलाताईंनी सोडला नाही. ज्यांचं पोर संघात नाही अशा लीगमधल्या एकमेव कोच त्या होत्या, आणि नवे पालक विचारायचे, "तुमचा मुलगा कुठला?" त्या सगळ्या मैदानाकडे हात करायच्या. हळूहळू, भांडत भांडत, निम्म्या जागा मैदानावर ठरू लागल्या, मग सगळ्याच. डॅनियल्सच्या धाकट्याची निवड तशीच झाली. त्या दिवशी डॅनियल्स झाडाखाली एकटाच उभा होता आणि घाबरलेला दिसत होता.

२००८मध्ये प्रकाशरावांची डेन्व्हरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मी गेलो. डॅनियल्सही आला होता, संघाच्या बॅटींची पिशवी न्यायला. ती खांद्यावर टाकून तो जाईना. शेवटी म्हणाला, "शायला, त्या वर्षी माझ्या थोरल्याचं... तो स्वतःच्या खेळावर त्या बारांत आला असता का? खरं सांग."

शैलाताईंनी वेळ घेतला. उगाच बोलायचं म्हणून बोलल्या नाहीत. "आला असता," त्या म्हणाल्या. "माझं मत त्याला मिळालं असतं. तुम्ही विचारलंच नाही कोणाला."

डॅनियल्सने मान खाली घातली आणि बरं वाटलं की वाईट, ते कळू न देता पिशवी घेऊन निघून गेला.

गाडी ओंकार चालवत होता, नवीनच लायसन्स. प्रकाशराव मागच्या सीटवर खोक्यांमध्ये बसले होते. गल्लीच्या टोकाला शेजारची दोन पोरं टेनिसचा चेंडू घेऊन बॅटिंग करत होती. गाडी त्यांच्यापाशी हळू झाली. शैलाताईंनी काच खाली केली आणि बॅट धरलेल्या पोराला मराठीतच ओरडून सांगितलं, "कोपर वर घे! वर!" पोराला शब्द कळला नाही. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, कोपरात वाकवला आणि वर उचलून दाखवला. पोराने कोपर वर घेतलं. गाडी पुढे गेली, वळणाकडे लागली, तरी तो हात तसाच बाहेर होता.